खेळात शिरलेला बाण

दिवाळी आली की शहापूर-मुरबाडकडची पोरे अंगणात माती-दगडांचा किल्ला रचतात. माहुली, सिद्धगड समोरच उभे. नमुना शोधायला दूर जायला नको. बुरुजावर मातीचे मावळे चढतात, आणि कुणीतरी बाटलीत बाण उभा करून वात पेटवतो. या फटाक्याला आपण बाण का म्हणतो, हे कधी मनात आले आहे का?

धनुष्याचा बाण तो नव्हेच. दारू भरलेली नळी काठीला बांधून फौजेत शत्रूवर सोडीत, तिचे नाव बाण. नेम यथातथाच, पण घोडी बिथरत. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाचे स्वार चालून आले, तेव्हा रघूजी भोसल्यांनी त्यांच्यावर बाणांचा वर्षाव केला. म्हैसूरकरांनी नळी लोखंडाची केली. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ती इंग्रजांच्या हाती लागली. पुढे लढाईतला बाण गेला, शब्द मात्र फटाक्याला चिकटला.

आता तो पडद्यावरच्या खेळातही शिरला आहे. १९९३ च्या 'डूम'मध्ये खेळणाऱ्याच्या हाती रॉकेट सोडायची नळी येते. १९९४ च्या 'डूम २'च्या गुप्त भागात तर १९९२ च्या 'वुल्फेनस्टाइन'मधले दालन दडवले आहे. खेळाच्या पोटात खेळ! मला त्याचे फारसे नवल नाही. अंगणातला पोरगाही किल्लेदार होतो, वेढा घालणाराही होतो.

१६३६ साली माहुलीवर शहाजीराजांना वेढा पडला. तह करून गड सोडावा लागला. हे मात्र पोरे खेळत नाहीत. दिवाळी सरली की सुतळी बाँब लावून तीच आपला गड उडवतात. तहबीह काही नाही!