कप्तानांच्या रोजनिश्या, उपग्रहाची चित्रं आणि खुली सरकारी माहिती

आजचा विषय कागदावर जरा रुक्ष दिसतो : खुला सरकारी डेटा. सरकारी खात्यांनी स्वतःच्या कामासाठी जमवलेली माहिती कुणालाही वापरता यावी, तिच्यावर धंदा उभारता यावा, अशी खुली करायची, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे समज असा, की ही इंटरनेटच्या काळातली कल्पना आहे. आम्हाला ती बरीच जुनी वाटते. म्हणून आज सुरुवात १८४२ सालापासून करू, वॉशिंग्टनमधल्या अमेरिकी नौदलाच्या नकाशा-भांडारातून.

त्या साली मॅथ्यू फाँटेन मॉरी नावाचा लेफ्टनंट या भांडाराचा प्रमुख झाला. तीन वर्षांपूर्वी घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय मोडला होता आणि समुद्रावरची नोकरी संपली होती. भांडारात नौदलाच्या जहाजांच्या जुन्या रोजनिश्या, म्हणजे लॉगबुकं, साठलेली होती. जहाज परत आलं की वही जमा करायची, असा नियम. वहीत रोजचं ठिकाण, वारा कुठून, प्रवाह कुठला, पाण्याचं तापमान किती, हे सगळं लिहिलेलं. कशासाठी? तर हिशेबासाठी, शिस्तीसाठी. एकदा जमा झालेली वही पुन्हा उघडायचं कुणाला कारण नव्हतं. सरकारी दप्तराचं हे जगभरचं दुखणं आहे.

मॉरीने त्या वह्या उघडल्या. एकाच पट्ट्यातून, एकाच महिन्यात, वेगवेगळ्या वर्षी गेलेल्या जहाजांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या आणि समुद्रातल्या वाऱ्यांचं वेळापत्रक काढलं. आता हे ज्ञान दर्यावर्दींना नव्हतं का? होतं. कोकणच्या तांडेलालाही नारळी पौर्णिमेनंतर वारा कसा वळतो हे पक्कं ठाऊक असतं. पण ते त्याच्या डोक्यात, फार तर त्याच्या मुलापर्यंत. एका माणसाने आयुष्यात केलेल्या तीस-चाळीस सफरी, एवढाच त्याचा पुरावा. मॉरीच्या टेबलावर हजारो सफरी होत्या.

१८४७ मध्ये उत्तर अटलांटिकचा वारे आणि प्रवाह दाखवणारा त्याचा नकाशा निघाला. गंमत बघा, कप्तानांनी आधी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. सरकारी कारकून आम्हाला जहाज हाकायला शिकवणार? त्या काळी ब्राझीलकडे जाणारी जहाजं आफ्रिकेच्या बाजूने लांबचा वळसा घेत, कारण ब्राझीलच्या कोपऱ्यावर प्रवाह जहाजाला अडकवतो असा पिढीजात धाक होता. मॉरीच्या नोंदींत तो धाक कुठे दिसेना. १८४८ मध्ये बाल्टिमोरच्या एका व्यापारी जहाजाने त्याचं ऐकून सरळ वाट धरली आणि रिओला जाऊन-येऊन महिनाभर वाचवला. महिनाभराचा खलाशांचा पगार, शिधा, विम्याचा हप्ता, आणि माल बाजारात आधी पोचल्याचा भाव, हे सगळं धरलं की जहाजमालकांना उपदेशाची गरज राहिली नाही.

पुढची गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मॉरीने नकाशे विकले नाहीत. फुकट दिले, पण एका बोलीवर : नौदलाने छापलेली कोरी रोजनिशी सफरीत रोज भरायची आणि परत आल्यावर आमच्याकडे पाठवायची. नौदलाची स्वतःची जहाजं मूठभर. आता व्यापारी गलबतं, टपालाची जहाजं, देवमाशांच्या शिकारीची जहाजं, सगळी त्याच्यासाठी मोजणी करू लागली. काही वर्षांत अशी हजारावर जहाजं समुद्रात होती आणि त्यांच्यावर सरकारचा पगारी माणूस एकही नव्हता. खात्याला माहिती उघडी करून मिळालं ते हे. ती विकली असती तर थोडे डॉलर आले असते आणि नोंदी तिथेच थांबल्या असत्या.

उद्योजकांनी त्याचं काय केलं, त्याचं एकच उदाहरण देतो. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर न्यूयॉर्कहून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला जायची शर्यत लागली. १८५१ मध्ये ‘फ्लाइंग क्लाउड’ हे जहाज ८९ दिवसांत पोचलं. एरवी या वाटेला चार-सहा महिने लागत. जहाजाची दिशा ठरवत होती कप्तानाची बायको एलिनॉर क्रीझी, आणि ती मॉरीचे नकाशे व सूचना वापरत होती.

१८५३ मध्ये ब्रसेल्सला दहा देशांची परिषद भरली. विषय एकच : सगळ्यांनी नोंदी एकाच नमुन्यात ठेवायच्या. हे किरकोळ वाटेल. पण ज्यांनी आपल्याकडच्या खात्यांचे अहवाल वापरले आहेत त्यांना विचारा. एका जिल्ह्याचा तक्ता एका तऱ्हेचा, दुसऱ्याचा दुसऱ्या तऱ्हेचा, आणि दोन्ही कागद वाकडे स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकलेले. अशी माहिती ‘खुली’ असते खरी, पण तिच्यावर कुणी काही उभारू शकत नाही. मॉरीच्या काळातल्या त्या वह्या एका नमुन्यात होत्या म्हणून आज, पावणेदोनशे वर्षांनी, त्यांतले आकडे समुद्राच्या हवामान-बदलाच्या अभ्यासात थेट वापरले जातात. (जाता जाता : हा मॉरी १८६१ मध्ये नौदल सोडून गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेकडे गेला. त्याचं कौतुक करताना हेही सांगायला हवं.)

ब्रसेल्सनंतर ब्रिटनने १८५४ मध्ये हवामानाचं खातं काढलं आणि ते कप्तान फिट्झरॉयकडे दिलं. डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’चा कप्तान तो हाच. १८६१ पासून त्याने बंदरांना तारेने वादळाचे इशारे दिले. त्याच्या मृत्यूनंतर विद्वानांच्या समितीने हे शास्त्रीय नाही म्हणून इशारे थांबवले. बंदरांतून ओरड झाली आणि ते पुन्हा सुरू करावे लागले. भारतात १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि मग दुष्काळ, यांनंतर १८७५ मध्ये हवामान खातं आलं. त्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरचा तो चौक अजून ‘सिमला ऑफिस’च. त्याच कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस, चौकटी-चौकटींत मांडलेला, आज कुणीही उतरवून घेऊ शकतो. पाणी, शेती, विमा यांवर काम करणारी तरुण मंडळी तिथूनच सुरुवात करतात.

आता उलट प्रयोग बघू. सरकारने माहिती विकायला काढली तर काय होतं?

अमेरिकेने १९७२ मध्ये लँडसॅट हा खास पृथ्वीवरच्या जमिनीच्या पाहणीसाठीचा पहिला नागरी उपग्रह सोडला. १९८४ मध्ये कायदा करून ही चित्रं विकण्याचं काम खासगी कंपनीकडे द्यायचं ठरलं. विचार वरवर शहाणपणाचा : वापरणाऱ्याने पैसे भरावेत, करदात्याने का? एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. विद्यापीठं गळाली, छोटे धंदे गळाले, आणि सरकारी खातीसुद्धा हात आखडून घेऊ लागली. त्याहून वाईट म्हणजे, ज्या भागाला गिऱ्हाईक नाही त्या भागाची चित्रं घेणंच कमी झालं. त्या वर्षांतल्या पृथ्वीच्या कितीतरी तुकड्यांची नोंद आज नाहीच, आणि ती आता कुठल्याही किमतीला मिळणार नाही. १९८९ मध्ये तर पैशांअभावी चालू उपग्रह बंद करायचा हुकूम निघाला होता. तो कसाबसा टळला. विक्रीतून उपग्रहाचा खर्च निघेल, ही आशा खोटी ठरली होती.

१९९२ मध्ये तो कायदा बदलला, १९९९ च्या लँडसॅट-७ ची चित्रं सहाशे डॉलरला मिळू लागली, आणि २००८ मध्ये सगळा साठा फुकट करायचं ठरलं. विक्रीच्या काळातल्या सगळ्यात चांगल्या वर्षी दिवसाला ५३ चित्रं जात होती. फुकट केल्यावर काही वर्षांत दिवसाला ५,७०० जाऊ लागली. २०१३ मध्ये मेरिलँड विद्यापीठाने गूगलच्या यंत्रांवर जगातल्या जंगलांच्या घटवाढीचा नकाशा केला, त्याला ६,५४,१७८ चित्रं लागली. सहाशे डॉलरच्या भावाने हिशेब करा : ३९ कोटी डॉलरच्या वर. कुठलं विद्यापीठ हा प्रस्ताव नुसता लिहून तरी काढेल? आयडाहो राज्याचं जलसंपदा खातं याच चित्रांवरून कोणत्या शेतातून किती पाणी उडून गेलं हे काढतं. मीटर घेऊन शेतोशेत माणूस फिरवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. अमेरिकी सरकारच्याच पाहणीत २०११ या एका वर्षात लँडसॅटचा फायदा दोन अब्ज डॉलरच्या पुढे धरला गेला.

धंद्याचं उदाहरण हवं असेल तर गूगल सोडलेल्या दोघांनी २००६ मध्ये काढलेली एक कंपनी घ्या. पुढे तिचं नाव क्लायमेट कॉर्पोरेशन झालं. हवामान खात्याचे पाऊस-तापमानाचे आकडे आणि सरकारी मृदा-सर्वेक्षण, दोन्ही फुकट घेऊन तिने शेतकऱ्यांना हवामानाचा विमा विकला. २०१३ मध्ये मोन्सँटोने ती ९० कोटी डॉलरच्या वर देऊन विकत घेतली. तुम्ही म्हणाल, करदात्याच्या पैशावर दोघं श्रीमंत झाले. झाले. आणि ती बियाण्यांच्या बड्या कंपनीच्या हाती गेली, याचं आम्हालाही फार कौतुक नाही. पण तेच आकडे दुसऱ्या दिवशी तिच्या स्पर्धकालाही तितकेच खुले होते. माहिती एकाला विकली असती तर तसं झालं नसतं.

आपल्याकडे नकाशांची कथा अशीच आहे. सर्वेक्षण विभाग १७६७ चा. पण स्वातंत्र्यानंतरही सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला बंद होते. म्हणजे अख्खं कोकण आलं, मुंबई आली, सह्याद्रीची धारही आली. उपग्रहाचं चित्र घरबसल्या दिसू लागल्यावरही कागदी नकाशा बंदच. २००५ च्या धोरणाने संरक्षण दलाचे आणि नागरिकांचे नकाशे वेगळे केले; २०१७ मध्ये, विभागाच्या अडीचशेव्या वर्षी, नागरी नकाशे संकेतस्थळावर आले, तेही आधार क्रमांक देऊन. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने मान्य केलं की जगात सहज मिळणाऱ्या माहितीवर इथे बंधन ठेवण्यात अर्थ नाही, आणि भारतीय संस्था-कंपन्यांना पूर्वपरवानगीची अट काढली. मधल्या काळात पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थांनी, नळयोजना आखणाऱ्या नगरपालिकांनी तीच जमीन पुन्हा पुन्हा पैसे देऊन मोजून घेतली.

शेवटी आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळागणिक एक, अशी दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. जागा सरकारची, उभारणी स्कायमेट या खासगी कंपनीची. फळपीक विम्याची भरपाई या केंद्रांच्या आकड्यांवर ठरते. रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराचा मोहोर अवेळी पावसाने गेला, पण मंडळाच्या केंद्रावर तो पाऊस पडलाच नाही, असं होऊ शकतं. डोंगराळ मुलखात दोन वाड्यांत ते सहज घडतं. मंडळनिहाय पावसाचा आकडा कृषी विभागाच्या संकेतस्थळावर दिसतो, ही चांगली गोष्ट. पण भांडण मिटायला तेवढा पुरत नाही. तापमानाची तासागणिक नोंद, केंद्र बंद होतं ते दिवस, यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, हे सगळं मागे जाऊन, एका तक्त्यात, अर्ज न करता मिळायला हवं. ते मिळालं तर तालुक्यातला एखादा पोरगा पाच बागांचे स्वस्त पर्जन्यमापक त्याच्याशी ताडून बघेल, आणि चुकीचं केंद्र कुठलं हे कृषी खात्यालाच आधी कळेल. मॉरीला त्याच्या कप्तानांकडून कळायचं, तसंच.

आता तुमचे प्रश्न घेऊ. सातबाऱ्यावर बोलायचं आहे बऱ्याच जणांना, ते दिसतंय. तो पुढच्या व्याख्यानासाठी राखून ठेवला आहे.