चिंतामणराव देशमुख: रिझर्व्ह बँक, अर्थखाते आणि एक राजीनामा

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (14 जानेवारी 1896 – 2 ऑक्टोबर 1982) हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री आणि आंतरराष्ट्रीय आर्थिक वाटाघाटींतील भारताचे प्रतिनिधी. आपल्या घरांतून त्यांचे नाव निघते ते बहुधा 1956 सालच्या राजीनाम्यामुळे. तो राजीनामा नीट समजायचा तर त्याआधीची सतरा वर्षे पाहावी लागतात, म्हणून हा परिचय थोडा विस्ताराने देत आहोत.

जन्म व शिक्षण

चिंतामणरावांचा जन्म रायगड किल्ल्याच्या परिसरातील, महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील रोह्याला वकिली करीत. 1912 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. 1918 साली लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक होता. पुढे देशाचा खजिना सांभाळणाऱ्या या माणसाची पदवी अर्थशास्त्राची नव्हती, हे वाणिज्य शाखेत शिकलेल्या आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवावे.

त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली. डेप्युटी कमिशनर, सेटलमेंट ऑफिसर अशी कामे करीत ते त्या प्रांताचे अर्थसचिव झाले. जमीन, सारा आणि शेतकऱ्याचे कर्ज यांचा हिशेब त्यांनी आधी जिल्ह्यात शिकून घेतला आणि मग ते बँकेत आले.

रिझर्व्ह बँकेतील दहा वर्षे

1939 साली ते रिझर्व्ह बँकेत दाखल झाले. 1941 च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर आणि 11 ऑगस्ट 1943 रोजी गव्हर्नर झाले. नोटेवर गव्हर्नर म्हणून भारतीय माणसाची सही प्रथम आली ती त्यांची. 30 जून 1949 पर्यंत ते या पदावर होते.

हा काळ साधा नव्हता. महायुद्ध, महागाई आणि पाठोपाठ फाळणी. फाळणीनंतर काही महिने रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. दोन सरकारांमध्ये बोलणे कठीण झालेले असताना एकाच संस्थेने दोघांची खाती सांभाळायची, असा तो प्रसंग होता. ही व्यवस्था 30 जून 1948 रोजी संपली आणि दुसऱ्या दिवशी पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक सुरू झाली. 1 जानेवारी 1949 रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी बँकिंग कंपनी कायदा आला. खाजगी भागधारकांच्या बँकेची सरकारी बँक होण्याचा हा बदल त्यांच्याच कारकिर्दीत पार पडला.

बँकेतून वाटाघाटींच्या टेबलावर

जुलै 1944 मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे 44 देशांची परिषद भरली. तिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक उभी राहिली. भारत अजून परतंत्र होता आणि शिष्टमंडळाचे नेतृत्व सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते. तरीही चिंतामणराव, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ या सदस्यांनी भारताची बाजू ठामपणे मांडली.

त्यांच्यापुढे मोठा प्रश्न होता तो स्टर्लिंग शिलकेचा. युद्धकाळात ब्रिटनने भारतातून माल व सेवा घेतल्या, त्यांचे पैसे रोख न देता लंडनमध्ये भारताच्या नावे जमा दाखवले. ही रक्कम एक अब्ज पौंडांच्या वर गेली. खात्यावर शिल्लक आहे, पण काढता येत नाही, अशी स्थिती. ब्रेटन वुड्सला हा प्रश्न नाणेनिधीच्या कक्षेत घेतला गेला नाही. मात्र सर्व सदस्य देशांच्या उत्पादक साधनांचा विकास हे नाणेनिधीच्या उद्दिष्टांत आले, त्यामागे भारतीय शिष्टमंडळाचा आग्रह होता.

गव्हर्नरपद सोडल्यावर 1949 साली पंडित नेहरूंनी त्यांना अमेरिका व युरोपसाठी भारताचे विशेष आर्थिक राजदूत नेमले. अमेरिकेकडून गहू कर्जाऊ मिळवण्याची बोलणी त्यांच्याकडे होती. 1950 साली पॅरिसला झालेल्या नाणेनिधी व जागतिक बँकेच्या संयुक्त वार्षिक सभेचे ते अध्यक्ष होते.

अर्थमंत्री

एप्रिल 1950 मध्ये ते नियोजन आयोगाचे सदस्य झाले आणि जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर त्याच वर्षी अर्थमंत्री. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आपल्या जन्मजिल्ह्यातून, लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळात राबवली गेली.

आज आपल्या रोजच्या व्यवहारातील दोन संस्था त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातील आहेत. 1 जुलै 1955 रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. 19 जानेवारी 1956 रोजी वटहुकूम काढून आयुर्विमा कंपन्यांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. आधी बातमी फुटली असती तर कंपन्यांचा पैसा हलला असता, म्हणून कमालीची गुप्तता राखली होती. त्या संध्याकाळी चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून देशाला ही माहिती दिली. पुढे 245 विमा कंपन्या व संस्थांचे मिळून आयुर्विमा महामंडळ झाले.

ग्वाल्हेरकरांसाठी इथे एक दुवा आहे. महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने 1916 साली आपल्याकडे सुरू झालेली कृष्णराम बलदेव बँक 1975 साली स्टेट बँकेतच विलीन झाली.

राजीनामा

1956 साली राज्य पुनर्रचनेत मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय पंतप्रधानांनी जाहीर केला. मुंबईत आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे गेली. चिंतामणरावांनी राजीनामा दिला आणि जुलैमध्ये लोकसभेत त्याची कारणे सांगितली. त्यांचे आक्षेप दोन होते. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली.

हे आक्षेप वाचताना त्यांच्यातला बँकेचा माणूस दिसतो. मुंबई महाराष्ट्राचीच, हे त्यांचे मत होतेच. पण बोट त्यांनी ठेवले ते कार्यपद्धतीवर. अधिकार ज्याच्या नावाने वापरायचा त्याला विचारले का, आणि झाल्या गोष्टीचा हिशेब दिला का? बँकेत हे दोन प्रश्न रोज विचारले जातात. सरकारलाही ते लागू आहेत, असे त्यांनी मानले आणि त्यासाठी देशातील एक मोठे पद सोडले.

त्याच पुनर्रचनेत 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्यभारत राज्य संपले, राजधानी भोपाळला गेली आणि ग्वाल्हेरचा राजधानीचा मान गेला. मुंबई द्विभाषिक राज्यात गेली आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राची झाली. आपण मात्र महाराष्ट्राबाहेरच राहिलो. चिंतामणरावांचे आयुष्यही बरेचसे महाराष्ट्राबाहेरच, नागपूर (तेव्हाचा मध्यप्रांत), दिल्ली आणि हैदराबाद इथे गेले. म्हणून ते आपल्याला अधिक जवळचे वाटतात.

पुढील वाटचाल

त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक अध्यक्ष. 1959 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1969 साली राष्ट्रपतिपदासाठी स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी त्यांना पाठिंबा दिला. जनसंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आपल्या ग्वाल्हेरचे अटलबिहारी वाजपेयी होते. त्या निवडणुकीत चिंतामणराव तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

1953 साली त्यांचा विवाह घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी झाला. 1975 साली पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. संस्कृतची आवड त्यांनी अखेरपर्यंत जपली. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

समाजातील तरुण मंडळी आज बँकांत, विमा क्षेत्रात आणि सरकारी नोकरीत आहेत. पद कसे मिळवावे, हे त्यांना शिकवणारे पुष्कळ भेटतील. ते कोणत्या कारणासाठी सोडावे, हे चिंतामणरावांच्या चरित्रात वाचायला मिळते.