तुमच्या फाईलला कोणी हात लावला? ब्लॉकचेनची छोटीशी गोष्ट

समजा, तुमच्या केसपेपरवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिले आहे. कागदावरचे हे शब्द कोणी खोडले, तर खाडाखोड दिसते. संगणकातली नोंद बदलली तर वरवर काहीच कळत नाही, आणि चूक जिवावर बेतू शकते.

यावरचा उपाय तसा जुना आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतील स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांनी तो मांडला. प्रत्येक दस्तऐवजातून गणिताने एक छोटा संकेत काढायचा. याला ‘हॅश’ म्हणतात. हा त्या दस्तऐवजाच्या अंगठ्याचा ठसाच समजा. एक अक्षर बदलले, तरी ठसा बदलतो. प्रत्येक नव्या ठशात आधीचा ठसा गुंफला की साखळी तयार होते. मधली एक कडी बदलली, तर पुढच्या कड्या जुळत नाहीत. १९९५ पासून असा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जाहिरात म्हणून छापला जाऊ लागला. घरोघरी पोचलेला अंक बदलणार कोण? २००८ मध्ये मांडलेल्या बिटकॉइनमागेही हीच कल्पना आहे.

आता एस्टोनियाकडे वळू. जेमतेम १३ लाख वस्तीच्या या देशावर २००७ मध्ये मोठे सायबर हल्ले झाले. पुढच्याच वर्षी तिथे देशभरातील रुग्णांच्या नोंदी एकत्र जोडणारी यंत्रणा सुरू झाली. आपली फाईल कोणी उघडली, हे तिथला रुग्ण स्वतः पाहू शकतो. पण ही यादीच कोणी पुसली तर? म्हणून २०१६ मध्ये ‘गार्डटाइम’ या कंपनीचे ब्लॉकचेन तंत्र या नोंदींच्या राखणीला घेण्याचे ठरले.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. तुमचे रिपोर्ट साखळीत ठेवलेले नसतात, तिथे फक्त ठसे असतात. साखळी चोरी थांबवत नाही, आणि मुळातच चुकीची लिहिलेली नोंद बरोबरही करत नाही. नंतर झालेली फेरफार ती उघडी पाडते, एवढेच.

आपल्याकडे ‘आभा’ खात्यातून रिपोर्ट द्यायचे तर तुमची संमती लागते. ती वाचून मगच द्या. रिपोर्टवरचे नाव, वय, रक्तगट आणि ॲलर्जी तपासा. पहिली नोंद बरोबर असेल, तरच तिची राखण कामाची!