सुट्टीतली पुस्तके कोणासाठी?

अमेरिकेतील शाळांना उन्हाळ्यात अडीच-तीन महिने सुट्टी असते. शेतीच्या कामाला मुलांचे हात मिळावेत म्हणून ही प्रथा पडली, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. शेतकऱ्याला जादा हात लागतात ते पेरणीला आणि कापणीला, म्हणजे वसंतात आणि शरदात. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात तिथल्या खेड्यांत शाळेचे एक सत्र हिवाळ्यात भरे आणि दुसरे चक्क उन्हाळ्यात. शहरांत तर शाळा जवळजवळ बारमाही होत्या. १८४२ साली न्यूयॉर्कच्या शाळा वर्षातील ४९ आठवडे चालत.

मग सुट्टी आली कुठून? शहरांतूनच. कोंदट वर्गांतला उकाडा, साथीच्या रोगांची भीती, सुखवस्तू कुटुंबांची थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची सवय, ही कारणे होतीच. पण आणखी एक कारण होते आणि ते आज वाचताना हसू येते. अतिअभ्यासाने कोवळ्या मेंदूवर ताण येतो व त्यातून वेड लागू शकते, असे त्या काळचे नामवंत डॉक्टर गंभीरपणे मानत. अमरायाह ब्रिगहॅम या डॉक्टरांनी १८३२ साली या विषयावर आख्खे पुस्तक लिहिले. ते कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहरातून प्रसिद्ध झाले. मुलांना पुस्तकांपासून काही काळ दूर ठेवा, हा त्यातील सल्ला पालकांनी आणि शिक्षकांनी मनावर घेतला.

सुट्टीत मुलांच्या हाती पुन्हा पुस्तक देण्याच्या धडपडीतील एक अग्रणी नाव याच हार्टफर्डमधले असावे, हा इतिहासाचा गमतीदार योगायोग.

कॅरोलाइन ह्यूइन्स १८७५ मध्ये हार्टफर्डच्या ग्रंथालयात रुजू झाल्या. ते वर्गणीदारांचे ग्रंथालय होते. मुलांसाठी वेगळे दालन तर सोडाच, मुलांनी तिथे यावे अशी फारशी कोणाची अपेक्षाही नव्हती. जी थोडी मुले येत, ती होरॅशिओ अल्जरच्या रंकाचा राव होणाऱ्या नायकांत आणि ऑलिव्हर ऑप्टिकच्या साहसकथांत बुडालेली असत. ह्यूइन्सबाईंना ही पुस्तके मुळीच पसंत नव्हती. १८८२ साली त्यांनी मुलांसाठी निवडक पुस्तकांची सूची तयार केली. त्याच वर्षी देशभरच्या ग्रंथपालांना पत्रे धाडून त्यांनी विचारले, की मुलामुलींना चांगल्या वाचनाची गोडी लागावी म्हणून तुम्ही काय करता? आलेली उत्तरे फारशी उत्साहवर्धक नव्हती. पण प्रश्न विचारला गेला, हेच मोठे काम झाले. पुढे हार्टफर्डचे ग्रंथालय विनावर्गणी झाले, १९०४ मध्ये तिथे मुलांचे दालन उघडले, आणि सुट्टीच्या दिवसांत मुलांना जमवून पुस्तकांविषयी गप्पा मारण्याचा प्रघात पडला.

१८९०च्या दशकात हा विचार मोठ्या औद्योगिक शहरांत पोहोचला. कारखान्यांभोवती वाढलेल्या वस्त्यांत उन्हाळाभर मुले रस्त्यावर असत. त्यांच्यातली कितीतरी युरोपातून नुकत्याच आलेल्या कुटुंबांतली होती. क्लीव्हलंडमध्ये लिंडा ईस्टमन यांनी निवडक पुस्तकांच्या याद्या शाळांपर्यंत पोहोचवल्या. १८९७ साली तिथे मुलांचा ग्रंथालय-संघ स्थापन झाला. पुस्तके नीट हाताळू, ती मळवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून हजारो मुले त्यात सामील झाली. (हात स्वच्छ धुण्यावर या संघाचा फार भर होता. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शहरात तो अनाठायी नव्हता.) ईस्टमन पुढे १९१८ मध्ये या ग्रंथालयाच्या प्रमुख झाल्या.

पिट्सबर्गने याहून धीट पाऊल टाकले. मूल ग्रंथालयात येत नसेल, तर ग्रंथालयानेच मुलाकडे जावे. फ्रान्सिस जेन्किन्स ऑलकट यांच्या देखरेखीखाली उन्हाळ्यातल्या क्रीडांगणांवर पुस्तके मांडली जाऊ लागली. पुस्तकांची लहानशी पेटी मजुराच्या घरी ठेवायची, आसपासची मुले तिथे जमवायची, आणि आठवड्यातून एकदा कोणी जाऊन गोष्ट सांगायची व पुस्तके बदलून द्यायची, अशीही योजना होती.

पेटीतून फिरणारी पुस्तके म्हटले की मराठी वाचकाला बडोदे आठवेल. तो संबंध केवळ कल्पनेतला नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये अमेरिकेचा दौरा केला आणि १९१० साली विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन आले ते कनेक्टिकटमधूनच, न्यू हेवनच्या ग्रंथालयातून. संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू झालेले होते. शाळेत शिकलेली अक्षरे पुढे विसरली जाऊ नयेत, म्हणून खेडोपाडी वाचनालये आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या असे जाळे उभे राहिले. बडोद्याची चिंता केवळ सुट्टीपुरती नव्हती, तरी शिकलेले टिकावे कसे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

अमेरिकेत पुढच्या काही दशकांत उन्हाळी वाचनाचा खेळ झाला. दहा-बारा पुस्तके वाचा, प्रत्येकाविषयी ग्रंथपालबाईंना चार वाक्ये सांगा, भिंतीवरच्या नकाशावर किंवा शिडीवर आपले नाव पुढे सरकवा, आणि सुट्टीअखेर प्रमाणपत्र घ्या. मुले हुशार असतात, त्यामुळे सर्वांत पातळ पुस्तके आधी संपत. बक्षिसासाठी वाचणारे मूल बक्षीस थांबल्यावर वाचेल का, ही शंका जुनीच आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेल्या प्रयोगाने तिला बळ मिळाले. चित्रांची मुळात आवड असलेल्या मुलांपैकी ज्यांना प्रमाणपत्राचे आमिष आधी दाखवले होते, ती मुले नंतर आपणहून कमी चित्रे काढू लागली. वाचनालाही हाच नियम लागू पडेल असे नाही. तरीही भिंतीवरच्या शिड्या लावणाऱ्यांनी विचार करावा, असे त्यात काही निश्चित आहे.

पण या साऱ्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. ती शिडी सगळ्यांसाठी नव्हती.

अटलांटात १९०२ साली कार्नेगी ग्रंथालय उघडले, तेव्हा कृष्णवर्णीयांना त्यात प्रवेश नव्हता. विद्वान समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस त्याच शहरात प्राध्यापक होते. त्यांनी विश्वस्तांकडे निषेध नोंदवला, उपयोग झाला नाही. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी शाखा निघायला १९२१ उजाडले आणि मुख्य ग्रंथालयाची दारे सर्वांना खुली व्हायला १९५९.

त्याच १९५९च्या उन्हाळ्यात दक्षिण कॅरोलायनातील लेक सिटी या लहानशा गावी एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा एकटाच चालत सार्वजनिक ग्रंथालयात गेला. त्याला विज्ञानाची पुस्तके हवी होती. ही पुस्तके काळ्यांना दिली जात नाहीत, असे त्याला सांगण्यात आले. मुलाने वाद घातला नाही. तो तिथेच बसून राहिला. पोलिसांना बोलावले गेले, त्याच्या आईलाही. एवढ्याशा मुलाने कोणता गुन्हा केला, हे पोलिसांना काही उमगेना. अखेर पुस्तके त्याच्या हाती पडली. त्या मुलाचे नाव रॉनल्ड मॅक्नेअर. १९७६ मध्ये त्याने एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, १९८४ मध्ये तो अंतराळात जाऊन आला आणि २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत मृत्युमुखी पडला. ग्रंथालयाची ती जुनी इमारत आज त्याच्याच नावाचे स्मृतिसंग्रहालय आहे.

उन्हाळी वाचनाचा बहुधा सर्वांत गाजलेला अभ्यास नेमका अटलांटातच व्हावा, हेही लक्षणीय. १९७०च्या दशकाच्या आरंभी समाजशास्त्रज्ञ बार्बरा हाइन्स यांनी तिथल्या सहावी-सातवीच्या जवळपास ३ हजार मुलांची प्रगती शाळेच्या दिवसांत आणि सुट्टीत अशी निरनिराळी मोजली. त्यांचे पुस्तक १९७८ साली आले. शाळा सुरू असताना गरीब आणि सधन मुलांतील अंतर फारसे वाढत नव्हते, ते वाढत होते सुट्टीत. सुट्टीत किती पुस्तके वाचली, याचा प्रगतीशी स्पष्ट संबंध आढळला, आणि सहा किंवा अधिक पुस्तके वाचणारी मुले पुढे दिसली. उन्हाळ्यात मुलांच्या बौद्धिक वाढीला सर्वाधिक हातभार लावणारी सार्वजनिक संस्था म्हणजे ग्रंथालय, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या शहरातील मुख्य ग्रंथालय कृष्णवर्णीय मुलांना खुले होऊन जेमतेम एक तप लोटले होते, त्या शहराविषयीचा हा निष्कर्ष.

सुट्टीत अंतर वाढते, हा सिद्धान्त आज तितकासा निर्विवाद राहिलेला नाही. पॉल फॉन हिप्पेल आदी संशोधकांनी जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा त्यातील काही वाढ ही गुण मोजण्याच्या पद्धतीची करामत असल्याचे दिसले. पुस्तके हाताशी असणे महत्त्वाचे, या मुद्द्याला मात्र त्यामुळे फारसा धक्का लागला नाही.

२०१० साली रिचर्ड अॅलिंग्टन आणि अॅन मॅकगिल-फ्रान्झन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील १७ शाळांमधील प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. या शाळांतली मुले बहुतांशी गरीब घरांतली, पहिली-दुसरीपासूनची. त्यांना सलग ३ वर्षे उन्हाळ्यापूर्वी प्रत्येकी १२ पुस्तके मोफत आणि कायमची देण्यात आली. ना प्रमाणपत्र, ना शिडी. तीन उन्हाळ्यांनंतर ही मुले वाचनचाचणीत इतरांपेक्षा सरस ठरली आणि लाभ सर्वाधिक झाला तो अगदी गरीब घरांतल्या मुलांना. पुस्तके निवडली होती मुलांनीच. त्यांनी उचलली ती मुख्यतः लोकप्रिय गायक-कलाकारांची चरित्रे आणि हलक्याफुलक्या विनोदी मालिका. ह्यूइन्सबाईंच्या १८८२च्या सूचीत त्यांतल्या एकालाही जागा मिळाली नसती.