साडेबाराला येणार होता तो

१७ जानेवारी १९३८, सोमवार. रात्रीचे दहा वाजायला आलेत आणि पॅरिसमध्ये फोबूर सँतोनोरे रस्त्यावर, १४० नंबरच्या दारासमोरच्या गर्दीत तुम्ही अडकला आहात. पुढचा गृहस्थ टेलकोटात, मागची बाई फरमध्ये. पण दोघांच्याही कोपरांना दादर स्टेशनावरच्या कोपरांची सर आहे. एरवी ही 'बोझार' गॅलरी म्हणजे उंची, घरंदाज जागा. आज इथे अतिवास्तववाद्यांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडतंय. आमंत्रणात दोन गोष्टी बजावल्यात. एक, समारंभी पोशाख करून या. दोन, फ्रँकेन्स्टाइनचा अस्सल वंशज, एनिग्मारेल नावाचा यंत्रमानव, रात्री साडेबाराला दालनातून चालत जाईल. त्याचं मांस खोटं, रक्तही खोटं.

घड्याळ बघून ठेवा.

आत शिरताच चौकात एक जुनी टॅक्सी उभी आहे. बाहेर कोरडं आहे, पाऊस टॅक्सीच्या आत पडतोय. टपाला भोकं पाडलेल्या नळ्या बसवल्यात. ड्रायव्हर म्हणजे एक पुतळा, डोळ्यांवर काळा गॉगल आणि डोक्याभोवती शार्कचा जबडा. मागच्या सीटवर, सॅलडच्या पाल्यात, एक पुतळाबाई निथळत बसलीये. काचेला नाक लावा. तिच्या अंगावरून काहीतरी हळूहळू सरकतंय. त्या जिवंत गोगलगायी आहेत, बर्गंडीच्या, एरवी लोणी-लसूण घालून ताटात येणाऱ्या. ही करामत साल्वादोर दालीची.

पुढे एक लांब बोळ. दोन्ही बाजूंना मिळून सोळा पुतळ्या, कपड्यांच्या दुकानात असतात तशाच. प्रत्येक पुतळी एकेका कलावंताला सजवायला दिलेली. मागे निळ्या पाट्यांवर रस्त्यांची नावं आहेत, काही खरी, काही रचलेली. एक पाटी चक्क 'रक्त-संक्रमण मार्ग' म्हणते.

आंद्रे मासाँच्या पुतळीपाशी थांबा. तिचं डोकं वेताच्या पिंजऱ्यात आहे, पक्षी ठेवतात तसल्या. तोंडावर मखमलीची पट्टी करकचून बांधलीये आणि बरोबर ओठांच्या जागी पॅन्झीचं फूल आहे. फ्रेंचमध्ये या फुलाला 'पाँसे' म्हणतात. 'पाँसे' म्हणजे विचारही. तोंड दाबलं, तिथे विचार उगवला. शेजाऱ्यांना हा श्लेष आपसूक कळतो, ते हसतात. तुम्हाला कळेपर्यंत ते पुढे गेलेले असतात.

मार्सेल द्यूशाँने फारसे कष्ट घेतलेले नाहीत. स्वतःची हॅट आणि जाकीट पुतळीला चढवलं, कमरेखाली काहीच नाही, आणि वरच्या खिशात रुमालाऐवजी लाल दिवा. सगळ्या प्रदर्शनाची मांडणी त्याची, पण तो आज इथे नाही. सरळ लंडनला निघून गेलाय.

आणखी एक पुतळी सोन्या मोसेने सजवलेली. अंगावर झिरझिरीत कापड, कमळाची फुलं आणि ओठांवर एक मोठा भुंगेरा. मासाँच्या पुतळीपुढे गर्दी आहे, हिच्यापुढे नाही. ही ध्यानात ठेवा, आपण परत येणार आहोत.

आता मुख्य दालन. दारात तुमच्या हातात टॉर्च येतो, कारण आत अंधार आहे. प्रकाशयोजना मान रे या छायाचित्रकाराची, म्हणजे प्रकाश आणायचं काम त्याने तुमच्यावर सोपवलंय. झोत वर टाका. छताला कोळशाची पोती लटकताहेत, बाराशे म्हणे. आत कागद कोंबलाय, पण कोळशाची पूड अजून पोत्यांना आहे आणि ती खाली, पांढऱ्याशुभ्र शर्टांवर उतरतेय. पायाखाली पाचोळा. मधोमध शेगडी, कोपऱ्यांत अंथरलेले पलंग. वोल्फगांग पालेनने केलेल्या डबक्यात लव्हाळी आणि कमळं. कुठूनतरी भाजत्या कॉफीचा वास येतोय. चित्रं आहेत कुठे? काही भिंतींवर, काही चक्क फिरत्या दरवाजांच्या फळ्यांवर. १४ देशांतल्या साठेक कलावंतांचं काम आहे, पण ते आयतं दिसणार नाही, चाचपडत शोधावं लागेल.

लोक काय करताहेत पाहा. चित्रांवर कोणी झोत टाकतच नाही. टाकताहेत ते एकमेकांच्या तोंडांवर. कोण कोणाबरोबर आलंय, कोणी काय घातलंय! तेवढ्यात एक झोत तुमच्या डोळ्यांवर येतो. तुम्ही हात आडवा धरता. बघायला आला होतात, आता तुम्हालाच बघितलं जातंय.

खरं सांगायचं तर तुम्ही फारसे दचकलेले नाहीत. तुम्ही पुढच्या काळातून आलात आणि हे सगळं तिथे तुम्ही बघितलंय, दुकानांच्या काचांत, जाहिरातींत, गाण्यांच्या व्हिडिओंत. दाली पुढे न्यूयॉर्कच्या दुकानाची काच सजवील, १९४५ मध्ये हिचकॉकच्या सिनेमात स्वप्न रंगवील, १९६७ मध्ये आपल्या एअर इंडियाला ॲशट्रे काढून देईल आणि मोबदल्यात हत्तीचं पिल्लू घेईल. मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात पोट भरणारा अरुण कोलटकर रात्री कविता लिहील, त्या कवितेत समीक्षकांना याच दालनाच्या भाऊबंदांची पावलं दिसतील. या दालनातला धक्का पुढच्यांनी वापरून वापरून गुळगुळीत करून टाकलाय.

एक गोष्ट मात्र गुळगुळीत झालेली नाही. ती दिसत नाही, ऐकू येते.

लाउडस्पीकरमधून आधी वेड्यांच्या इस्पितळातलं हसू येतं, खदखदणारं. मग बूट. एका तालात आपटणारे शेकडो बूट, गुडघे न वाकवता. जर्मन सैन्याचं संचलन. एलेन व्हानेल नावाची नर्तकी डबक्यात उड्या घेऊन चिखल उडवते, लोक कपडे सावरत किंचाळतात, बूट चालूच राहतात. बाकी सगळं इथे कोणीतरी स्वप्नातून रचलंय. एवढा आवाज मात्र जसाच्या तसा बाहेरच्या जगातून आणलाय, आणि त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

या मंडळींचा म्होरक्या आंद्रे ब्रताँ. अतिवास्तववादाचा १९२४ चा जाहीरनामा त्याचा. त्याआधी तो वैद्यकीचा विद्यार्थी होता आणि पहिल्या महायुद्धात सँ-दिझिएच्या इस्पितळात डोकं फिरलेल्या सैनिकांची शुश्रूषा करत होता. त्यांच्या बरळण्यात त्याला कवितेपेक्षा जिवंत भाषा ऐकू आली. लोक या चळवळीला स्वप्नाळू म्हणतात, पण तिचा कान असा युद्धात तयार झालेला आहे. पुढचं युद्ध त्याला आधी ऐकू आलं तर नवल नाही.

साडेबारा वाजले. माना वळतात. पाऊण झाला. एनिग्मारेल काही येत नाही, येणारही नाही. ती थाप होती. कोणी शिट्टी मारतं, कोणी हसतं, लोक पांगू लागतात.

या दालनात तुम्हाला एकट्यालाच ठाऊक आहे की तो येणार आहे. एकटा नाही, पलटणीच्या पलटणी, यंत्रासारखी पावलं टाकत. तारीख १४ जून १९४०. रस्ता शाँझेलिझे, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याआधी यांच्यातल्याच माक्स अर्न्स्ट या चित्रकाराला जर्मन म्हणून फ्रेंचच छावणीत डांबतील. ब्रताँ मार्सेय गाठून १९४१ मध्ये बोटीने निसटेल. सोन्या मोसेला निसटता येणार नाही. ती ज्यू आहे. १९४३ मध्ये तिला पॅरिसमधून उचलून नेतील आणि ठार मारतील.

बाहेर पडताना बोळ पुन्हा लागतो. गर्दी ओसरलीये. तिच्या पुतळीसमोर उभे राहून टॉर्च लावा. सेल उतरत आलाय, प्रकाश पिवळा पडलाय. भुंगेरा अजून ओठांवर आहे.

दाराशी टॉर्च परत करायचे असतात. पण टेलकोटवाला आपला टॉर्च खिशात घालतो, फरवालीही पर्समध्ये टाकते. कितीतरी टॉर्च आज असेच घरी जाताहेत. उद्यापासून या दालनात साधे दिवे लावावे लागतील. त्यांना चोर म्हणू नका. वीस महिन्यांनी या शहरात ब्लॅकआउट होईल, तेव्हा त्यांना ते लागतील.