पाय नसलेली कीड आणि बंदरावरचा कायदा

वाशीच्या विकिरण केंद्रातून अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किमान ४०० ग्रे इतका डोस मिळतो. हे फळमाशी आणि कोयीतल्या भुंग्यासाठी, असं आपण सांगतो. बरोबरच आहे. पण २००७ मध्ये भारतीय आंब्याला परवानगी देताना अमेरिकेने जी किडींची यादी केली, तिच्यात ‘पार्लाटोरिया क्रिप्टा’सारखी कवचवाली खवले कीडही होती. माझं एक प्रकरण या यादीवरून सुरू झालं.

ही कीड बघितलीत तर कीड वाटतच नाही. फळावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. वर मेणाचं आणि टाकलेल्या कातीचं छप्पर, खाली मादी. जन्मल्यावर थोडा वेळ रांगते, सोंड खुपसते, आणि पहिली कात टाकताना पायही गमावते. मग मरेपर्यंत त्याच जागी रस शोषत बसते. जगभर फिरली ती माणसाने नेलेल्या कलमांवरून.

यातली सर्वांत बदनाम म्हणजे सॅन होझे खवले कीड. कॅलिफोर्नियातल्या फळबागांतून ती पसरली; १८८० मध्ये कॉमस्टॉक यांनी तिला ‘पर्निसिओसस’, म्हणजे घातक, असं नाव दिलं. १८९८ मध्ये जर्मनीने अमेरिकेची जिवंत झाडं आणि ही कीड आढळलेली ताजी फळं रोखली. पहिल्या खर्ड्यात मी बिनधास्त लिहिलं: हा निव्वळ व्यापारी डाव. गाइडनी समासात एवढंच विचारलं, “कीड होती की नव्हती?” होती! १८९३ मध्येच ती व्हर्जिनियात सापडली होती आणि रोपवाटिकांच्या मालातून पसरत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला सुचलंच नव्हतं. दोन पानं खोडली.

अमेरिकेचा क्वारंटाइन कायदा १९१२ चा, आपला ‘डिस्ट्रक्टिव्ह इन्सेक्ट्स अँड पेस्ट्स अ‍ॅक्ट’ १९१४ चा. त्याखालच्या नियमांनी मुंबई बंदरात येणाऱ्या झाडांना हायड्रोसायनिक आम्लाच्या वायूची धुरी देणं सुरू झालं. तिथे प्रश्न सोपा होता: कीड मेली का?

वाशीत तो तसा विचारता येत नाही. ४०० ग्रे नंतर कीड लगेच मरेलच असं नाही, तिचं प्रजनन थांबतं. म्हणजे परदेशातल्या तपासनिसाला भिंगाखाली जिवंत खवला दिसला, तरी तो निरुपद्रवी आहे हे ठरतं सोबतच्या प्रमाणपत्रावरून. सध्या मी हे कागद वाचतोय.