दिनविशेष : ३ सप्टेंबर
शाहीर साबळे

सातारा जिल्ह्यात वाईनजीकच्या पसरणी गावी १९२३ साली आजच्या दिवशी कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म झाला. सानेगुरुजींच्या सहवासाने संस्कारित झालेला हा गळा स्वातंत्र्यसंग्रामात व संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफाच्या साथीने गर्जला. परंतु केवळ पोवाड्याच्या आवेशात अडकून न पडता भारूड, गोंधळ, कोळीगीत, लावणी असा सारा मुलूख त्याने आपलासा केला, आणि ‘आंधळं दळतंय’सारख्या मुक्तनाट्याने मुंबईतील मराठी माणसाची कैफियत रंगभूमीवर मांडली. राजा बढेरचित, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेल्या ज्या गीतास शासनाने २०२३ साली राज्यगीताचा दर्जा बहाल केला, ते घरोघर पोहोचले ते शाहिरांच्याच खड्या आवाजात.

तथापि आमच्या मते त्यांचे थोर कार्य अध्यापनाचे. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा लोककलांचा रंगमंचीय कार्यक्रम म्हणजे त्यांचे फिरते गुरुकुलच. फळ्यापुस्तकांवाचून, प्रत्यक्ष रंगमंचावर तेथे तरुणांना लोककलेची दीक्षा मिळे. केदार शिंदे, अंकुश चौधरी, भरत जाधव हे कलावंत त्याच तालमीतले. १९९८ साली ‘पद्मश्री’ने गौरविलेले शाहीर २० मार्च २०१५ रोजी निवर्तले.

साताऱ्याकडील कित्येक कुटुंबे कारखान्यांच्या निमित्ताने आमच्या चिंचवडात स्थायिक झाली आहेत. त्यांनी आज आपल्या मुलांच्या हाती एकवार डफ अवश्य द्यावा.